अंगातलं बळ कामाला यावं

शाळेत असताना खो-खो खेळले, पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि नोकरीभर मुलांना पी.टी. शिकवली. आता पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याला सकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेते. चाळिशीपासून सत्तरीच्या पुढची माणसं येतात. आमच्याकडे यंत्रं नाहीत. दोन जाड दोरखंड, वाळू भरलेल्या काही गोण्या, एक आडवं पडलेलं खोड, सतरंज्या आणि समोर टेकडीचा चढ, एवढंच सामान. त्यावर आम्ही जे करतो ते कुठल्याही गुराख्याला किंवा गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला ओळखीचं वाटेल: बसणं, उठणं, रांगणं, चालणं, धावणं, उडी मारणं, चढणं, लोंबकळणं, तोल सांभाळणं, उचलणं, वाहून नेणं, फेकणं, झेलणं, पोहणं.

या हालचालींची शिस्तशीर मांडणी केली ती फ्रेंच नौदलातल्या जॉर्ज एबेर यांनी. १८७५ सालचा त्यांचा जन्म. १९०२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सें-पियेर हे भरलेलं शहर काही मिनिटांत बेचिराख झालं. एबेर तेव्हा तिथे नौदलाच्या सेवेत होते. अंगातली ताकद दुसऱ्याच्या उपयोगी पडली तरच ती कमावण्यात अर्थ आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. पुढे नौसैनिकांना शिकवताना त्यांनी त्या काळच्या साचेबंद कवायती बाजूला सारल्या आणि माणसाच्या मूळ हालचालींचे दहा गट केले: चालणं, धावणं, उडी, चार पायांवर चालणं, चढणं, तोल, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं. १९१२ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. सैन्यातले अडथळ्यांचे मार्ग आणि शहरातली मुलं भिंतींवरून उड्या मारत करतात तो पार्कूर, या दोन्हींची मुळं त्यांच्या शिकवणुकीत आहेत.

मला एबेर जवळचे वाटतात, कारण त्यांचं म्हणणं आपल्या तालमीतल्या वस्तादानेही सांगितलं असतं. पण त्यांची यादी वाचून वर्ग चालत नाही. समोरच्या माणसाचा गुडघा, त्याची भीती, त्याचं घर आणि त्याचं वय पाहून शिकवावं लागतं. तसं शिकवताना जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

१. जमिनीवरून उठता येतं का, ते आधी बघावं

वर्गाला नवीन माणूस आला की मी त्याला किती चालता, किती जोर काढता, असं विचारत नाही. सतरंजीवर बसा आणि उठा, एवढंच सांगते. निम्म्या गोष्टी तिथेच कळतात.

ब्राझीलमधले डॉक्टर क्लाउडिओ जिल अराउजो यांनी याचीच एक साधी चाचणी बसवली आहे. एकूण गुण १०: बसण्याचे ५, उठण्याचे ५. हात, गुडघा, मांडी, जे काही टेकाल त्याचा एकेक गुण कमी. तोल डळमळला तर अर्धा कमी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाची २,००२ माणसं होती, आणि ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ गुण कमी पडले म्हणून माणूस लवकर जातो, असा कुणी घेऊ नये. पण पायांतली ताकद, सांध्यांची मोकळीक, तोल आणि वजन या चारही गोष्टी त्या एका उठण्यात एकदम तपासल्या जातात, हे खरं.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आले. रोज तासभर चालणारे, रक्तदाब आटोक्यात, पोट नाही. सतरंजीवर बसायला सांगितलं तेव्हा त्यांनी आधी आजूबाजूला खुर्ची शोधली. मग माझा हात धरून खाली गेले, शेवटची वीतभर धपकन बसले, आणि उठायची वेळ आली तेव्हा दोन्ही हात टेकून, पालथं होऊन, गुडघ्यांवर येऊन, शेवटी खोडाला धरून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. श्वास रोखून धरला होता, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. घरी जेवणाचं टेबल, पूजेला स्टूल, संडासात कमोड, टीव्हीसमोर सोफा. त्यांचा जमिनीशी संबंधच कित्येक वर्षांपूर्वी तुटला होता.

त्यांना मी व्यायाम म्हणून काही दिलं नाही. एक पाय पुढे, दुसरा गुडघा सतरंजीवर, जुन्या चित्रांत मावळे बसलेले दिसतात तसं बसवलं. पुढच्या पायावर भार घेताना नाक गुडघ्याच्या पुढे गेलं पाहिजे आणि उठताना तोंडाने श्वास सोडला पाहिजे, एवढ्या दोनच सूचना. आधी बाकाला हात, मग काठीला हात, मग स्वतःच्याच मांडीवर हात, मग काही नाही. घरी रोजचा पेपर जमिनीवर बसून वाचायचा, एवढी एक गोष्ट वाढवली. पावसाळा संपेपर्यंत ते एक हात टेकून सहज उठायला लागले. एक दिवस आल्या आल्या म्हणाले, “ताई, काल नातवाबरोबर पत्ते खेळलो. खाली बसून. सुनेने दोनदा विचारलं, बाबा, खुर्ची आणू का?”

ज्यांना जमत असेल त्यांनी मांडी घालून बसणं सोडू नये. दिवसातून एक जेवण तरी पाटावर व्हावं, असं मी आग्रहाने सांगते.

२. उकिडवं बसणं टाचा टेकवून

हे थोडक्यात सांगते. मोठ्या माणसांना उकिडवं बसवलं की बहुतेकांच्या टाचा उचलल्या जातात. गुडघ्यांना नावं ठेवण्याआधी घोटे बघावेत. बरेचदा घोटाच आखडलेला असतो. टाचांखाली दोन बोटं जाडीची फळी ठेवावी, दाराची चौकट किंवा खिडकीचा गज धरावा आणि आधाराने मिनिटभर बसावं. महिन्यामहिन्याने फळी पातळ करत न्यावी. गुडघा बदललेल्यांनी किंवा गुडघ्यात कळ येत असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आमच्याकडे अशा ताई-काका आहेत, ते उंच बाकावरून उठण्या-बसण्याचाच सराव करतात आणि त्यांनाही फरक पडला आहे.

३. उचलणं आणि वाहणं

स्वयंपाकाच्या गॅसच्या भरल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडासकट सगळं वजन ३० किलोच्या आसपास जातं. ते दारातून ओट्याखालपर्यंत नेणं ही आपल्या घरातली खरी भारोत्तोलनाची स्पर्धा. जिममध्ये याहून जड वजन उचलणारे दोन तरुण वर्गाला आले होते. लोखंडी दांडा दोन्ही बाजूंनी सारखा भरलेला असतो, पकड ठरलेली असते, पाय सरळ जमिनीवर असतात. त्यांच्या हातात मी वाळूची अर्धी भरलेली गोणी दिली. वाळू एका बाजूला सरकली की सगळं अंग तिच्यामागे जातं. पोट, पाठ, बोटं यांना दर पावलाला नवं काम लागतं. दोघंही चढावर थोडं अंतर जाऊन थांबले आणि पुढच्या आठवड्यापासून नियमाने यायला लागले.

वाहण्याचे किती प्रकार आपल्याकडे रोजच्या वापरात होते! मूल कडेवर, आजारी माणूस पाठुंगळीला, पोतं खांद्यावर, हंडा डोक्यावर, बादल्या दोन हातांत, दळणाचा डबा काखेला. प्रत्येकात भार वेगळ्या जागी येतो. डोक्यावरच्या भाराखाली चुंबळ ठेवून चालणाऱ्या बाईची मान बघावी. हनुवटी किंचित आत, नजर लांब, पावलं छोटी, कंबर मोकळी. सिंहगडावर दह्याची मडकी आणि भाकरीच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं बघते आहे. त्या घाई करत नाहीत आणि थांबतही नाहीत. आमच्या वर्गात चुंबळ करून आधी पुस्तक, मग अर्धा भरलेला डबा, असं डोक्यावर घेऊन चालायला मी लावते. मानेचं दुखणं असलेल्यांना अर्थातच नाही.

या सरावाचा उपयोग एकदा आमच्याच इमारतीत झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, लिफ्ट बंद होती आणि रुग्णवाहिकेतलं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. वर्गाला येणारे दोघं खाली राहतात, त्यांना हाक मारली. जेवणाच्या टेबलाची पाठ असलेली लाकडी खुर्ची घेतली, आजोबांना तिच्यात बसवून छातीशी आणि मांड्यांशी चादरीने बांधलं. उंच माणूस मागे राहिला, पाठीच्या दांड्या धरून. ठेंगणा पुढे, खुर्चीचे पुढचे पाय धरून. खुर्ची मागे कलती ठेवली, म्हणजे भार मागच्याच्या छातीजवळ येतो आणि बसलेल्याला खाली पडण्याची भीती वाटत नाही. मी पुढे उतरत पायऱ्या मोजून सांगत होते. दर वळणावर खुर्ची टेकवली, श्वास घेतला, पकड बदलली. आजोबा उतरताना सारखे “जपून रे” म्हणत होते. खाली पोचल्यावर त्यांनी दोघांच्या हातावर हात ठेवला. एबेर यांनी माणसं कशासाठी तयार केली, ते मला त्या जिन्यात नीट समजलं.

४. कष्टाला व्यायाम म्हणू नये

नैसर्गिक हालचालींबद्दल बोलणारे लोक एक गोष्ट फार सहज बोलून जातात: पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या, म्हणून त्यांना दुखणी नव्हती. मला हे ऐकवत नाही. दुखणी होती, ती सांगायला सवड आणि ऐकायला माणूस नव्हता.

भाताची लावणी करणारी बाई दिवसच्या दिवस कमरेत वाकून चिखलात मागे मागे सरकते. ऊसतोड कामगार मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढतात, दिवसभर, हंगामभर. मार्केट यार्डातल्या हमालाची पाठ पन्नाशीत विचारून बघा. या सगळ्यांच्या हालचाली मी वर्गात शिकवते त्याच आहेत. फरक आहे तो मात्रेचा, विश्रांतीचा, जेवणाचा आणि थांबण्याच्या अधिकाराचा. माझ्या वर्गातला माणूस दुखलं की गोणी खाली ठेवतो. हमालाला ती सोय नसते. एकाच बाजूने, एकाच प्रकारे, थकल्यावरही चालू राहिलेली हालचाल सांधे झिजवते. तीच हालचाल थोडी, आलटून-पालटून, पोटभर खाऊन आणि रात्रीची झोप घेऊन केली तर शरीर घडवते. म्हणून कष्टकऱ्यांकडून मी पद्धत शिकते आणि त्यांच्या कष्टांचं कौतुक करण्याआधी त्यांच्या मजुरीचा आणि आरामाचा विचार करते. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाने हा विचार करावा असंही मला वाटतं.

५. आपल्या व्यायामात ओढणं कमी पडतं

जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांवर माझी श्रद्धा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार संस्थानभर आणि संस्थानाबाहेरही केला, तो घराघरांत पोचला, ही मोठी गोष्ट झाली. पण या तिन्हींत हात ढकलतात, ओढत मात्र नाहीत. सगळी हालचाल पुढे-मागे होते. बाजूला वळणं, एका हाताने लटकणं, स्वतःचं वजन वर खेचणं यातलं काही त्यात येत नाही. तालमीत ही कसर दोरखंड आणि मल्लखांब भरून काढत. घरी फक्त सूर्यनमस्कार घालणाऱ्याची ती तशीच राहते.

मल्लखांबाला आजचं रूप दिलं ते दुसऱ्या बाजीरावांच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी. गुळगुळीत लाकडी खांब, त्याला एरंडेल, आणि त्यावर पायांची, मांड्यांची, काखेची पकड. दोरीच्या मल्लखांबात तर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोरी धरावी लागते. पायाच्या बोटांना इतकं काम देणारा दुसरा व्यायाम मला माहीत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगासमोर करून दाखवले, ही आपल्या इतिहासातली अभिमानाची नोंद. ही विद्या मुलांपुरती आणि स्पर्धांपुरती राहिली याची मात्र खंत वाटते.

मोठ्या माणसांना मी खांबावर चढवत नाही. मैदानातल्या आडव्या बाराला फक्त लोंबकळायला सांगते. सुरुवातीला पाय जमिनीला टेकलेले, गुडघे वाकवून थोडा थोडा भार हातांवर. तुळशीबागेत दुकान चालवणाऱ्या एक काकू आहेत, साठीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी बार धरला आणि लगेच सोडला, म्हणाल्या, “बाई, हात उपटून येतील.” त्यांना आधी ओला टॉवेल पिळायला लावला, मग दोरखंड जमिनीवरून ओढायला, मग दोरखंडाला धरून मागे कलायला. तळहाताला घट्टे पडायला लागले तसा त्यांचा धीर वाढला. आता त्या पाय उचलून दहापर्यंत आकडे मोजतात, मोठ्याने, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे. दुकानातले वरच्या फळीवरचे डबे त्या स्वतः काढतात. आधी नोकराची वाट बघायच्या.

हाताची पकड हा तब्येतीचा चांगला निदर्शक आहे, असं डॉक्टरही मानतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की बसमधला दांडा, जिन्याचा कठडा, घसरणारं मूल, यांतलं काहीही धरायची वेळ आली तर हात धरू शकला पाहिजे.

६. तोल रोज थोडा थोडा ढळू द्यावा

चप्पल घालताना भिंत धरू नये. दात घासताना एका पायावर उभं राहावं, अर्धा वेळ डावा, अर्धा उजवा. अराउजो यांच्याच २०२२ सालच्या अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांपैकी साधारण पाचातल्या एकाला एका पायावर १० सेकंद उभं राहता आलं नाही. आमच्याकडे खोडावरून चालणं हा सगळ्यांचा आवडता भाग. भाताच्या खाचरांत वाढलेली माणसं बांधावरून चालायची सवय असल्याने डोळे समोर ठेवून सरसर जातात. शहरात वाढलेले पायांकडे बघतात आणि म्हणून पडतात. खोड वीतभर उंचीचं आहे, त्यामुळे पडलं तरी काही होत नाही. अनवाणी चालावं, पण मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी मुळीच नाही; त्यांना काटा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

७. पडायला शिकवलंच पाहिजे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे पडल्यामुळे जगात दर वर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, आणि त्यांत साठीपुढची सर्वाधिक. आपल्याकडे कुणी पडलं की “जपून चालायचं ना” एवढंच सांगतात. मोरीतली ओली फरशी, पावसाळ्यात शेवाळलेली पायरी, गच्चीवरची पन्हळ, सणाच्या दिवशी सांडलेलं तेल. माणूस किती जपेल?

कुस्तीतल्या नवख्या पोराला वस्ताद डाव शिकवण्याआधी हौद्यात आपटून घेतो. लाल माती, तिच्यात ताक, तेल, हळद. ती कुदळीने भुसभुशीत केलेली असते ती याचसाठी. खो-खोत सूर मारताना आम्हाला पहिली सूचना असायची की हात ताठ ठेवू नका, छातीवर घसरा. माझ्या वर्गात हेच सावकाश येतं. उकिडवं बसून बाजूला कलंडायचं. हनुवटी छातीला चिकटलेली, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात ताठ पुढे केला की मनगट मोडतं, म्हणून कोपर वाकवून सगळ्या हाताचा लांब भाग जमिनीला लावायचा. आधी मांडी, मग कुल्ला, मग पाठीची बाजू, असा धक्का वाटून घ्यायचा. पडताना श्वास सोडायचा. गवतावर गादी टाकून, बसल्या जागेवरून, मग अर्धं उभं राहून. हाडं ठिसूळ झालेल्यांना मी हे करू देत नाही. त्यांच्यासाठी पडल्यानंतर उठायचं कसं, सरपटत दारापर्यंत किंवा फोनपर्यंत जायचं कसं, याचा सराव असतो. आजी-आजोबा एकटे राहतात अशा घरांची संख्या वाढते आहे, तेव्हा हा सराव मला सगळ्यांत निकडीचा वाटतो.

शाळेत आम्ही मुलांकडून अस्वलचाल, खेकडाचाल, बेडूकउड्या करून घेत असू. मोठ्यांना त्या सुरुवातीला अवघड वाटतात आणि थोड्या दिवसांत खांदे सैल झाल्यावर तेच मागून करतात. पडणाऱ्याला हात टेकायची सवय असावी लागते, ती या चालींतून येते.

८. चालणं खडबडीत वाटेवर

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. माउलींची पालखी हे अंतर तीनेक आठवड्यांत पार करते, आणि तिच्याबरोबर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या, पायात साध्या वहाणा घातलेल्या साठी-सत्तरीच्या बाया चालतात, वाटेत फुगड्याही घालतात. त्यांना कुणी पावलं मोजायचं घड्याळ दिलेलं नाही. पण बहुतेक जणी वर्षभर शेतात राबून आलेल्या असतात. वारीला जायचं म्हणून आदल्या महिन्यात चालायला लागलेल्या शहरी माणसाच्या पायाला दिवे घाटापर्यंत फोड येतात. रोज सपाट फरसबंद रस्त्यावर चालून टेकडीची तयारी होत नाही. दगड, मुरूम, गवत, उतार, यांवर घोटा दर पावलाला वेगळा वळतो, आणि तीच तयारी.

चढ दमवतो, उतार गुडघे धरतो. उतरताना पावलं छोटी ठेवा, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचेवर न आदळता सगळ्या तळव्यावर. ट्रेकला जाणाऱ्या तरुणांना हे सांगून पटत नाही. घोरवडेश्वर किंवा तिकोना उतरून आले की पटतं.

९. मोठ्या माणसांनी खेळावं

शनिवारी आम्ही खेळतो. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या. सूरपारंब्या हा माझ्या मते सर्व हालचाली एकत्र आणणारा खेळ आहे. रिंगणातली काठी पायाखालून लांब फेकायची, राज्य असलेला ती आणायला धावणार, तोवर बाकीच्यांनी वडावर चढायचं, फांद्यांना लोंबकळायचं, त्याला चुकवून खाली उडी मारायची आणि काठीला हात लावायचा. फेकणं, धावणं, चढणं, लटकणं, उडी, पळवाट शोधणं, अर्ध्या तासात सगळं. शहरात असा वड आणि अशी मोकळी जागा राहिली नाही, आणि ज्या सोसायट्यांत झाडं आहेत तिथे मुलांना चढू देत नाहीत. पालकांनी यासाठी भांडावं.

लगोरीत चेंडू नेमका मारण्यासाठी खांदा, कंबर आणि मागचा पाय यांचा मेळ बसावा लागतो. पन्नाशीतल्या अनेक बायकांनी लग्नानंतर काही जोरात फेकलेलंच नसतं. पहिल्या शनिवारी त्या खालून, हळूच टाकतात. चौथ्या-पाचव्या शनिवारी हात कानामागे जातो, कंबर वळते, चेंडू सणसणत सुटतो आणि लगोरी उधळते तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो ऐकायला मी शनिवारची वाट बघते.

खो-खोची मात्र मी विशेष शिफारस करते, निदान चाळिशीपर्यंतच्यांना. पाटीवर उकिडवं बसून राहायचं, पाठीवर थाप आणि “खो” कानावर आला की त्याच क्षणी सुटायचं, वेगात खांबाला वळसा घालायचा. बसलेल्या अवस्थेतून एकदम धावता येणं ही ताकद कुठल्याही पट्ट्यावर धावून मिळत नाही.

१०. पोहणं शिकताना काठाचाही विचार करावा

गावाकडे पोरं विहिरीत पोहायला शिकायची. कमरेला सुका भोपळा नाहीतर पाठीला पत्र्याचा बंद डबा, आणि वर काठावर दोरी धरून उभा असलेला काका. महिनाभरात डबा सुटायचा आणि मुटके मारणं सुरू. शहरातली मुलं तलावात शिकतात, शिस्तीत शिकतात, ते चांगलंच आहे. पण कपडे काढून, चष्मा लावून, निळ्या स्वच्छ पाण्यात, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, एवढंच येत असेल तर पावसाळ्यात नदीकाठी किंवा कोकणात किनाऱ्यावर ते पुरत नाही. लाटा असतात, ओढ असते, तळ दिसत नाही, अंगावरचे कपडे भिजून जड होतात.

म्हणून ज्यांना पोहता येतं त्यांच्याकडून मी प्रशिक्षक आणि जीवरक्षक हजर असताना तीन गोष्टी करून घेते. अंगावर साधे कपडे ठेवून पाण्यात उतरायचं आणि उताणं तरंगत श्वास शांत करायचा. वेग अजिबात नको. मग बुडणाऱ्याच्या जवळ न जाता त्याच्याकडे दोरी, ओढणी किंवा रिकामा बंद कॅन फेकायचा आणि आपण काठाला पडून ओढायचं, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. आणि शेवटी, शिडीकडे न जाता काठावर दोन्ही तळवे टेकवून, पाण्यात एक झोका घेऊन, छाती वर, मग एक गुडघा, असं स्वतःला बाहेर काढायचं. लांबच लांब अंतर पोहणारे कितीतरी जण या तिसऱ्या गोष्टीपाशी अडतात. बाराला लोंबकळलेले आणि जमिनीवरून उठायला शिकलेले लवकर बाहेर येतात.